स्प्लिंट सारखी सरकते, टोचते, लाल करते: दोष नेमका कुठे शोधायचा

स्प्लिंट म्हणजे दुखऱ्या किंवा लुळ्या हाताला ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा, बहुधा प्लास्टिक तापवून हाताच्या मापावर वळवलेला आणि पट्ट्यांनी बांधलेला आधार. तो घातल्यावर मनगटाच्या करंगळीकडच्या हाडावर लाल होतं, म्हणून आत कापसाची गादी घालतात. दोन दिवसांत लाली वाढते. मग पट्टा सैल करतात, तर स्प्लिंट बोटांकडे सरकते आणि तळहातात रुतते. पुन्हा पट्टा आवळला जातो, हाताच्या पाठीवर सूज येते. शेवटी स्प्लिंट कपाटावर जाते आणि हात आखडतो तो आखडतोच. सोलापुरात हाताच्या पुनर्वसनाचं काम करताना हे चक्र मी सतत पाहते. यंत्रमागावर बोट चेचलेला कामगार असो, अर्धांगवायूनंतर हात लुळा पडलेले आजोबा असोत किंवा विडी वळून अंगठ्याची शीर धरलेल्या मावशी, तक्रार फिरून तिथेच येते. स्प्लिंट बदलून घेतली तरी काही दिवसांनी तीच तक्रार परत.

ती परत येते याचं कारण असं की दुरुस्ती जिथे टोचतं तिथे केली जाते, आणि दोष सहसा तिथे नसतो. स्प्लिंट ही तरफ आहे. तिच्या एका टोकाला काही चुकलं की दुखतं दुसऱ्या टोकाला. म्हणून टोचणारी जागा ही फक्त खूण समजा आणि तिथून मागे माग काढत जा. हे मी रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिते आहे, तसंच छोट्या दवाखान्यात एकट्याने स्प्लिंट बनवणाऱ्या नव्या थेरपिस्टांसाठीही.

आधी हे वाचा: कोणती स्प्लिंट घरी हलवायची नाही

कापलेली शीर (म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन; रक्ताची शीर नव्हे) शिवली असेल आणि हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट दिली असेल, तर ती अंघोळीलाही काढायची नाही. त्या स्प्लिंटमध्ये मनगट आणि बोटांची मुळं मुद्दाम वाकवलेली असतात. बोट एकदा झटक्यात सरळ झालं तर शिवलेली शीर तुटू शकते. हाडात तार घातलेली असेल किंवा नुकतं फ्रॅक्चर असेल तरी तोच नियम. अशा स्प्लिंटचा पट्टा दाटला तर घरी प्रयोग न करता ज्यांनी दिली त्यांच्याकडे जा.

ताज्या प्लास्टरमध्ये दुखणं तासागणिक वाढत असेल, गोळीने थांबत नसेल, दुसऱ्याने बोट हळूच सरळ केलं तरी जीव जाईल असं दुखत असेल, बोटं निळसर, पांढरी किंवा बधिर पडत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठा. आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडत असेल तर काही तासांतच कायमचं नुकसान होतं.

कातडी कशी तपासायची

स्प्लिंट काढल्या काढल्या त्वचा उजेडात बघा, मोबाईलचा टॉर्च लावून. थोडी लाली येणारच. ती पंधरा-वीस मिनिटांत विरली तर हरकत नाही. अर्ध्या तासानंतरही दिसत असेल तर तिथे दाब जास्त आहे.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, आणि पुस्तकातला लाल डाग शोधत बसलो तर खरी जखम नजरेतून सुटते. म्हणून बोटांची मागची बाजू त्या जागेवर टेकवा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम लागते का, कडक लागते का, रंग जास्त गडद झालाय का, हे बघा. नव्या स्प्लिंटला पहिल्या दिवशी अर्धा तास घालून तपासायचं, मग एक तास, मग दोन तास. रात्रभर घालायची ती त्यानंतरच.

ज्यांच्या हाताला संवेदना नाही, म्हणजे मधुमेहाचे जुने रुग्ण, कुष्ठरोगामुळे किंवा जखमेमुळे नस (म्हणजे मज्जातंतू) गेलेले रुग्ण, त्यांच्या बाबतीत ही तपासणी घरच्या माणसाने करायची. त्यांना टोचल्याचं कळतच नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम करताना हेच दाखवून दिलं होतं: बोटं रोगाने झडतात असा समज होता, पण न कळलेल्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या लहान जखमांनी ती जात होती. बधिर हातावरची घट्ट स्प्लिंट अशीच जखम करते. तिथे ‘दुखत नाही ना?’ असं विचारून चालत नाही, बघावंच लागतं.

तक्रार पहिली: स्प्लिंट बोटांकडे सरकते

‘सारखी निसटतीय बघा’ असं म्हणत रुग्ण येतात आणि सगळे पट्टे करकचून बांधलेले असतात. हाताच्या पाठीवर पट्ट्यांच्या मधल्या जागेत सूज फुगलेली असते.

कोपरापासून मनगटापर्यंत हात निमुळता होत जातो. निमुळत्या वस्तूवरचं आवरण जरा ढिलं झालं की बारीक टोकाकडे घसरणारच. पट्टा आवळला तर ते काही वेळ थांबतं, पण घसरण्याचं कारण तसंच राहतं. कारण बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक असतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे सूज उतरलेली असते. स्प्लिंट बनवली तेव्हा हात सुजलेला होता, आठ-पंधरा दिवसांत तो बारीक झाला आणि स्प्लिंटची पन्हाळ, म्हणजे कोपरापुढचा हात ज्यात बसतो तो खोलगट भाग, रुंद राहिली. ही आनंदाचीच गोष्ट आहे, फक्त स्प्लिंट पुन्हा गरम करून नव्या मापावर बसवायला हवी. तापवून वाकणारं प्लास्टिक पुन्हा मऊ करता येतं, त्यासाठी नवा तुकडा लागत नाही. रुग्णांनी एवढंच करायचं: एका बाजूने करंगळी आत सहज जायला लागली की दुरुस्तीला या.

दुसरं कारण पन्हाळीच्या खोलीचं. तिच्या कडा हाताच्या निम्म्या जाडीपर्यंत यायला हव्यात. त्या उथळ असतील तर हात बाहेर लोळतो. फार उंच असतील तर पट्टा कातडीला टेकतच नाही, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर ताणलेला राहतो आणि आत हात मोकळाच फिरतो. असा पट्टा कितीही आवळा, काही उपयोग नाही. पट्ट्याखाली बोट घालून बघा: मधे पोकळी लागली तर कडा कापायला हव्यात.

तिसरं कारण पट्ट्यांच्या जागा. कोपराकडचा पट्टा निमुळत्या भागावर सरळ आडवा लावला की त्याची एक कड रुतते आणि दुसरी उचलते. तो जरा तिरका लावला की दोन्ही कडा टेकतात. मनगटाचा पट्टा नेमका मनगटाच्या सांध्यावर, रुंद आणि मऊ हवा. स्प्लिंट धरून ठेवण्याचं खरं काम तोच करतो. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेतून प्लास्टिकची जीभ नीट वळवून घेतली असेल तर सरकणं आणखी कमी होतं. नव्या थेरपिस्टांना मी नेहमी सांगते, स्प्लिंट हाताच्या आकाराने थांबली पाहिजे. पट्टा फक्त तिला साथ देतो.

तक्रार दुसरी: मनगटाच्या हाडावर लाल होतं

करंगळीच्या बाजूला मनगटाजवळ जो उंचवटा दिसतो, त्यावर स्प्लिंटची कड घासते. इथेच गादी घालण्याची चूक घरोघरी होते. आधीच घट्ट असलेल्या जागेत जाड गादी कोंबली की दाब वाढतो. उंचवट्याभोवती भोक पाडलेली गोल गादी घातली तर दाब त्या भोकाच्या काठावर जातो आणि मधली कातडी सुजून वर येते.

गादी घालायची तर साचा घेण्याच्या आधी. हाडावर गादीचा तुकडा ठेवायचा, त्यावरून तापलेलं प्लास्टिक बसवायचं, मग ती गादी आतून चिकटवायची. म्हणजे तेवढी जागा प्लास्टिकमध्ये आपोआप तयार होते. स्प्लिंट आधीच तयार असेल तर फक्त तेवढा भाग गरम करून बाहेर फुगवून घ्यायचा.

पण त्याही आधी एक गोष्ट तपासा, कारण पुष्कळदा मूळ तिथेच असतं. रुग्णाला स्प्लिंट घालून तळहात आकाशाकडे करायला सांगा, मग जमिनीकडे. तळहात जमिनीकडे वळला की मनगटाचं ते हाड पाठीच्या बाजूला वर येतं आणि कोपरापुढच्या हाताचा आकारच बदलतो. आपण साचा घेताना तळहात वर ठेवलेला असतो, कारण तसं केलं की प्लास्टिक आपल्या वजनाने खाली बसतं आणि काम सोपं होतं. माणूस मात्र दिवसभर हात वापरतो तो तळहात खाली किंवा आडवा ठेवून. मग स्प्लिंट पिळली जाते, अंगठ्याकडची कड उचलते आणि करंगळीकडची रुतते. या दोषावर गादी हा उपाय नाही. प्लास्टिक कडक होण्याआधी हात वापराच्या स्थितीत वळवून घेतला पाहिजे आणि कोपराकडची पन्हाळ त्या स्थितीत पुन्हा दाबून बसवली पाहिजे.

तक्रार तिसरी: मागची कड कोपराजवळ रुतते

इथे स्प्लिंट आखूड असते. ‘एवढी लांब कशाला, उन्हाळ्यात गरम होतंय’ म्हणून रुग्ण कापून मागतात, आणि कधी कधी आपण कापून देतोही. त्याआधी हा हिशेब बघा.

मनगट लुळं पडलेलं आहे आणि हाताचा पंजा साधारण ४०० ग्रॅमचा आहे असं धरू. त्याचा भार मनगटापुढे सुमारे ७ सेंटिमीटरवर पडतो. स्प्लिंट मनगटामागे २० सेंटिमीटर गेली असेल तर मागच्या टोकाला १४० ग्रॅमचा जोर पुरतो. ती १० सेंटिमीटरच असेल तर २८० ग्रॅम लागतो. मधल्या मनगटाच्या पट्ट्यावर या दोन्ही जोरांची बेरीज येते: पहिल्या वेळी ५४० ग्रॅम, दुसऱ्या वेळी ६८० ग्रॅम. हापशाचा दांडा आखूड केला की जास्त जोर लावावा लागतो, तसंच हे आहे, फरक इतकाच की इथे तो जोर कातडी सोसते. आणि हा हिशेब फक्त लुळ्या हाताचा झाला. अर्धांगवायूनंतर हात ताठ ओढत असेल तर जोर याच्या कितीतरी पट असतो.

म्हणून कोपरापुढच्या हाताच्या दोन-तृतीयांश लांबी हवी. कोपर पूर्ण वाकवल्यावर स्प्लिंट दंडाला लागू नये, एवढीच वरची मर्यादा. कडा आतल्या बाजूला धारदार न ठेवता बाहेर थोड्या वळवून घ्या. पट्टे रुंद ठेवा, कारण तोच जोर दुप्पट जागेवर पसरला की दाब निम्मा होतो. गरम होण्याची तक्रार खरी आहे, तिचं उत्तर छिद्रांचं प्लास्टिक आणि सुती अस्तर हे आहे.

न टोचणारी, पण सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक

आतापर्यंतच्या चुका दुखतात, म्हणून निदान लक्षात तरी येतात. ही चूक दुखत नाही. स्प्लिंट छान बसलेली असते, रुग्ण खूश असतो आणि दीड महिन्याने मूठच वळत नाही.

तळहातावर बोटांच्या मुळांजवळ जी आडवी रेषा असते, तिच्या पुढे मनगटाची स्प्लिंट जाता कामा नये. रेषा झाकली की बोटं मुळातून वाकत नाहीत. पुढची कड सरळ कापणं हीसुद्धा चूकच आहे. तर्जनीकडची हाडं लांब आणि करंगळीकडची आखूड असल्याने कड तिरकी हवी, तर्जनीकडे पुढे आणि करंगळीकडे मागे. रुग्णांनी घरी करायची परीक्षा सोपी आहे: स्प्लिंट घालून मूठ वळवा. चारही बोटं मुळातून पूर्ण वाकली पाहिजेत आणि मूठ उघडल्यावर ती आडवी रेषा दिसली पाहिजे. अंगठा करंगळीच्या टोकाला लागला पाहिजे. तो लागत नसेल तर अंगठ्याच्या मुळाभोवतीची वळणदार रेषा झाकली गेली आहे, तिथे कापून घ्या. (अंगठ्यालाच विश्रांती द्यायची असेल तेव्हा अर्थातच हा नियम लागू नाही.)

तळहात सपाट फळीसारखा नसतो. तो आडवाही खोलगट असतो आणि उभाही. प्लास्टिक सपाट राहिलं तर ती खोली मोडते, आणि खोली मोडलेल्या हाताने भाकरीचा उंडासुद्धा धरता येत नाही.

पूर्ण पंजाला आराम देणाऱ्या स्प्लिंटमध्ये बोटांचे कोन फार महत्त्वाचे असतात. भाजलेला, चेचलेला, सुजलेला हात स्वतःहून चुकीच्या स्थितीत जातो: मनगट खाली पडतं, बोटांची मुळं सरळ होतात, मधले सांधे वाकतात. बोटाच्या मुळातल्या हाडाचं डोकं एकसारखं गोल नाही. सांधा सरळ असताना बाजूची बंधनं सैल असतात, वाकवला की ती ताणली जातात. सैल राहिलेलं बंधन काही आठवड्यांत आखूड होतं आणि मग मूठ वळायला पुरेशी लांबी उरत नाही. मधल्या सांध्याचं उलट आहे, तो वाकलेला राहिला की तळहाताकडचा पडदा आखडतो. म्हणून मनगट २० ते ३० अंश वर, बोटांची मुळं ७० ते ९० अंश वाकलेली, बोटं पुढे सरळ आणि अंगठा तळहातापासून पुढे दूर, ही सुरक्षित स्थिती. नव्या थेरपिस्टांनी इथे कोनमापक वापरा, नजरेवर विसंबू नका. पंजाची सूज इतकी असते की ७० वाटलेला कोन मोजल्यावर ४५ निघतो. सूज जास्त असेल आणि पहिल्याच दिवशी एवढा कोन मिळत नसेल तर जबरदस्ती करू नका. मिळेल तेवढा घ्या आणि दर काही दिवसांनी साचा बदला.

अर्धांगवायूच्या हाताला वेगळे कोन देतात, तिथे मुळं इतकी वाकवत नाहीत. एकाची स्प्लिंट बघून दुसऱ्याला तशीच करून देणं यासाठीच धोक्याचं आहे.

एप्रिल-मे आला की येणाऱ्या तक्रारी

मार्च संपता संपता सोलापुरात तक्रारी वाढतात आणि त्याची कारणं सरळ उष्णतेत आहेत.

स्प्लिंटचं प्लास्टिक साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ होतं. बाहेर ४२-४३ अंश असताना उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान सहज ६० च्या वर जातं. बाईकच्या डिकीत, पत्र्याच्या छताला लागून असलेल्या फळीवर, चुलीजवळ किंवा गॅसच्या ओट्यावर ठेवलेली स्प्लिंट वितळत नाही, पण हळूच सपाट होते. डोळ्याला काही कळत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून ‘काल बरी होती, आज टोचतेय’ अशी तक्रार सुरू होते. यावर मी एक सोपा उपाय देते. स्प्लिंट मिळाली त्याच दिवशी ती जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर आडवी ठेवून पेन्सिलीने तिची बाजूची रेघ मारून ठेवा. शंका आली की त्या रेघेवर ठेवून बघा. रेघेशी जुळत नसेल तर स्प्लिंट बदललेली आहे, हात नाही. गॅसच्या आचेवर स्वतः वाकवून सरळ करायला जाऊ नका. प्लास्टिक असमान तापतं आणि हात भाजतो.

धुवायची तर कोमट किंवा गार पाण्याने आणि साबणाने, मग सावलीत पुसून वाळवा. पाणी दिवसाआड येणाऱ्या घरात ओल्या फडक्याने पुसली तरी चालतं. घामाचं म्हणाल तर आतलं सुती अस्तर दिवसातून दोनदा बदला. जुन्या सुती बनियनची बाही कापून छान अस्तर होतं, फक्त शिवण आत येऊ देऊ नका, कारण शिवणीची रेघ कातडीत उमटते. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओली, मऊ पडली असेल तर पावडरीचे थर देऊ नका. ती घामात भिजून तिचे खडे होतात आणि तेच घासतात. हात कोरडा करून अर्धा तास मोकळा ठेवा. खाज आणि चकत्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

थेरपिस्टांसाठीही उन्हाळ्याची एक गोष्ट. गरम खोलीत प्लास्टिक कडक व्हायला जास्त वेळ लागतो. घाईने हातावरून काढलं की ते उघडतं आणि खोलगटपणा जातो. आपल्या गावात टेरी टॉवेलला तोटा नाही, माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेला एक टॉवेल साच्यावर गुंडाळा आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत हात हलू देऊ नका. व्हेल्क्रोचा चिकट तुकडा घामाने सुटतो. चिकटवण्याआधी प्लास्टिकचा तेवढा भाग खरवडा आणि गरम हवेने मऊ करा, मग पट्टा महिनोन् महिने टिकतो.

मुंग्या येतात: तयार कॉक-अप आणि अंगठ्याचा पट्टा

मनगटात नस दबून रात्री हाताला मुंग्या येणाऱ्यांना मेडिकलमधून तयार कापडी कॉक-अप (मनगटाला आधार देणारा पट्टा) घ्यायला सांगितलं जातं. पुष्कळ जण महिनाभर घालून सांगतात की फरकच नाही. त्या पट्ट्याच्या तळहाताकडच्या खिशात एक धातूची पट्टी असते आणि ती बहुधा वर वाकवलेली येते. लुळ्या मनगटाला ते ठीक आहे. पण दबलेल्या नसेवरचा दाब मनगट सरळ असताना सगळ्यात कमी असतो, वर किंवा खाली वाकवलं की वाढतो. पट्टी खिशातून काढा, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सरळ करा आणि पुन्हा घाला. तळहाताची आडवी रेषा मोकळी आहे का तेही बघा. हा पट्टा मुख्यतः रात्रीसाठी असतो, कारण झोपेत आपण मनगट मुडपून घेतो.

विडी वळणाऱ्या, कात्रीने पानं कापणाऱ्या बायकांना अंगठ्याच्या बाजूची शीर सुजल्यावर अंगठ्याची स्प्लिंट देतात. तिच्यानंतर अंगठ्याच्या पाठीवर झिणझिण्या यायला लागल्या तर दुखणं वाढलं असं समजू नका. तिथून कातडीची एक बारीक नस वरवर जाते आणि पट्टा किंवा कड तिच्यावर दाबते आहे. तो पट्टा सैल करा, कड फुगवून घ्या. हे लगेच करा, दाबलेली नस शांत व्हायला बराच वेळ घेते.

बोटाचं टोक लोंबतं: छोटी स्प्लिंट

चेंडू लागून किंवा गादीची चादर खोचताना बोटाच्या शेवटच्या पेऱ्याची शीर तुटते आणि टोक खाली पडतं. त्याला ६ ते ८ आठवडे अखंड सरळ ठेवायचं असतं. अखंड म्हणजे अक्षरशः एक क्षणही खाली पडू न देता. धुताना बोट टेबलावर सपाट टेकवून स्प्लिंट सरकवा. मधे एकदा टोक पडलं तर मोजणी पहिल्या दिवसापासून. बोटाच्या पाठीवरची कातडी पांढरी पडत असेल तर टोक गरजेपेक्षा मागे वाकवलं आहे, कोन कमी करून घ्या. मधला सांधा मोकळाच राहायला हवा.

रबरबँडची स्प्लिंट ओढते, पण बोट सरळ होत नाही

या स्प्लिंटमध्ये वरच्या दांडीवरून येणारी रबराची दोरी बोटाला घातलेल्या कपाला ओढते. इथे ओढण्याची दिशा बघा. ज्या हाडाला ओढायचं त्याच्याशी दोरी काटकोनात हवी. बोट थोडं सरळ झालं की कोन बदलतो, मग कप सरकतो किंवा सांधा आतल्या आत दाबला जातो. आठवड्याला कोन तपासून वरची दांडी हलवावी लागते. जोर लहान सांध्यांना साधारण १०० ते ३०० ग्रॅमच्या आत पुरतो, ताणकाट्याने मोजून घ्या. रात्री दुखून जाग येत असेल तर जोर कमी करा आणि तास वाढवा. आखडलेला सांधा मोकळा होतो तो कमी जोरात दीर्घकाळ ताणून. झटपट व्हावं म्हणून रबर दुप्पट लावलं की सूज येते आणि सांधा आणखी आखडतो. आपल्या उन्हात रबरही लवकर ढिलं पडतं, ते बदलत राहा.

घातलीच जात नाही

स्प्लिंट उत्तम आहे, पण घरी पडून आहे. याला रुग्णाचा हट्ट म्हणणं मला पटत नाही. विडी हजारावर मोजली जाते, मागावर कापडाप्रमाणे पैसे मिळतात. कांडी भरायला, तुटलेला धागा जोडायला बोटं मोकळी लागतात, भाकरी थापायला तळहात लागतो. ‘चोवीस तास घाला’ हे वाक्य त्या घरात पाळलं जाणं शक्यच नाही. म्हणून स्प्लिंट बनवण्याआधी विचारा: दिवसात हाताने काय काय करता, कुठली दोन कामं दुसरं कुणी करू शकेल? मग खरोखर अखंड लागणारी स्प्लिंट कोणती आणि रात्री पुरणारी कोणती, हे स्पष्ट सांगा. शक्य असेल तिथे स्प्लिंट हाताच्या पाठीकडून बनवा, तळहात मोकळा राहतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या, विजयपूर-कलबुर्गीकडून येणाऱ्या रुग्णांना कन्नड जवळची. मराठीत छापलेला सूचनांचा कागद त्यांच्या पिशवीत तसाच राहतो. त्यांच्याच मोबाईलवर त्यांच्याच हाताचा फोटो काढून द्या: पट्टा कुठे, कड कुठे, कुठली रेषा दिसायला हवी. घरी रोज बघायला तो पुरतो.

दुरुस्तीला जाताना स्प्लिंट घालूनच जा, पिशवीतून नेऊ नका. आतलं अस्तर रोजचंच असू द्या. आदल्या रात्री स्प्लिंट काढल्या काढल्या डागाचा एक फोटो आणि वीस मिनिटांनी दुसरा असे दोन फोटो काढून ठेवा, आणि ती पुठ्ठ्यावरची रेघ सोबत न्या. थेरपिस्टने गादी कापायला घेतली तर आधी तळहात वर-खाली फिरवून दाखवा आणि मूठ वळवून दाखवा.